ओळ कुठे मोडायची?

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात नारनूरच्या बाजूला गुंजाला नावाचे गाव आहे. वस्ती गोंडांची. या गावात जुन्या हस्तलिखितांची सुमारे डझनभर बाडे मिळाली. ती एका अशा लिपीत होती की जी देवनागरी नव्हे, तेलुगू नव्हे आणि मोडीही नव्हे. हैदराबाद विद्यापीठातील जयधीर तिरुमल राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उजेडात आणली. गोंडी जाणकारांच्या आणि संशोधकांच्या मते ती १७५० च्या आसपासची असावीत. २०१४ च्या सुरुवातीला ही लिपी आणि तिचा पहिला कामचलाऊ फॉन्ट जाहीर झाला. बाडांत काय आहे? वारांची, महिन्यांची आणि सणांची नावे आहेत, गोंडी अंक आहेत, चंद्रपूरच्या गोंड राजांच्या हकिगती आहेत. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या जुन्या घराण्याच्या दप्तरात जे सापडावे तेच.

या लिपीची एक गंमत आधी सांगून टाकतो. आपली वर्णमाला 'क'पासून सुरू होते. तमिळ असो, बंगाली असो, क्रम साधारण तोच. गुंजालाच्या लिपीत व्यंजनांची सुरुवात 'य'ने होते. य, व, ब, भ, म, आणि मग क, ख. ज्याने ही लिपी लावली त्याने पाणिनीच्या शाळेत हजेरी लावली नव्हती, एवढे नक्की!

पण मला आज लिहायचे आहे ते लिपीच्या उगमाबद्दल नाही. त्यावर बोलायला विद्वान मंडळी आहेत. मी सरकारी कारकून. माझा रोजचा संबंध छापण्याशी. यादी संगणकाच्या पडद्यावर चांगली दिसते, आणि कागदावर उतरली की ओळ समासाबाहेर जाते किंवा भलत्याच ठिकाणी मोडते. आमच्या कचेरीत ठिपक्यांचे प्रिंटर होते तेव्हा एका ओळीत ऐंशी अक्षरे मावत, रुंद कागद लावला तर एकशे बत्तीस. पुढचे नाव, आडनाव, वाडा, गाव जे काही असेल ते खालच्या ओळीत ढकलले जाई किंवा सरळ कापले जाई. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे. लांब ओळ मोडायची तर कुठे मोडायची, आणि ते ठरवणार कोण? गुंजालाच्या बाडांबद्दल वाचताना हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. अडीचशे वर्षे हाताने लिहिलेली ही लिपी आता टंकून छापायची, तर ओळीच्या टोकाला तिचे काय होणार?

आधी आदिलाबादविषयी थोडे. आपल्या गोव्यातून हा प्रदेश फार दूरचा वाटतो. नांदेडहून मुदखेड, किनवट करीत रेल्वे पैनगंगेच्या त्या खोऱ्यातून आदिलाबादला जाते. पूर्वी हा निजामाच्या राज्याचा भाग. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. भाषावार प्रांतरचनेत ते मराठीच्या बाजूला आले, बाकीचा जिल्हा तेलुगूच्या बाजूला राहिला. २०१६ मध्ये उरलेल्या जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले. रेघा अशा कितीही ओढल्या तरी मराठी तिथे आजही घराघरांत आहे. गोंडांची वंशावळ आणि पुराणकथा सांगणारे, किंगरी वाजवून गाणारे प्रधान हे तर घरात मराठीच बोलतात आणि गोंडांसमोर गोंडीत गातात. दोन भाषांत जगणारी अशी माणसे आपल्याला काही नवलाची नाहीत. गोव्यातल्या प्रत्येक देवळाच्या सभामंडपात ती भेटतात.

१९४० साली कोमराम भीम जोडेघाटला मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारला आपल्या राज्यात गोंड नावाची माणसे राहतात याची आठवण झाली आणि ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला तिकडे पाठवण्यात आले. त्यांनी १९४३ मध्ये मारलावाई गावी गोंड मुलांच्या शिक्षणाची योजना सुरू केली. गोंडी भाषेतली पहिली वाचनपुस्तके त्यातून निघाली, आणि ती छापली गेली देवनागरीत. कारण साधे होते. त्या भागातले जे थोडे गोंड शिकलेले होते त्यांना मराठी वाचता येत होते, आणि शिक्षक त्यांतूनच मिळणार होते. आपले सेतुमाधवराव पगडी हेही हैदराबाद संस्थानच्या नोकरीत असताना गोंडी शिकले, तिचे व्याकरण लिहिले, आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक लिहिले. इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. सरकारी अंमलदाराने प्रजेची भाषा शिकावी, ही गोष्ट मला त्यांच्या इतिहासग्रंथांइतकीच मोठी वाटते. असो.

देवनागरीत गोंडी छापली गेली म्हणजे गोंडीच्या ओळी देवनागरीच्या नियमाने मोडल्या गेल्या. मग देवनागरीचा नियम तरी काय होता?

छापखान्यापूर्वीची आपली पोथी पाहा. आडवी लांब सुटी पाने, दोन्ही बाजूंना तांबड्या रेघांचा समास. लेखक पहिल्या रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत अक्षरे भरत जातो. शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत फारशी नव्हती. ओवी संपली की दंड आणि आकडा, पण ओळ बदलायची नाही, कारण कागद महाग. समासाची रेघ आली की शब्द जिथे असेल तिथे थांबायचे आणि उरलेला भाग खालच्या ओळीत घ्यायचा. 'ज्ञाने' वर आणि 'श्वरी' खाली, असे झाले तरी चालायचे. मध्ये जोडरेघ वगैरे काही नाही. पण एक पथ्य कसोशीने पाळलेले दिसते. अक्षर मोडायचे नाही. 'श्व' म्हणजे 'श्व', त्यातला 'श्' वर आणि 'व' खाली असे होत नाही. वेलांटी आपल्या अक्षराबरोबरच राहते. चुकून काही जास्त लिहिले गेले तर त्यावर पिवळा हरताळ लावायचा. 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार तिथूनच आलेला.

मोडीत तर आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेत आणि मग तिला अक्षरे टांगत. शब्द कुठे संपला हे रेघेवरून कळतच नाही. ते वाचणाऱ्याने अर्थावरून ओळखायचे. पेशवे दफ्तरात काम करणाऱ्यांना विचारा, त्यातला त्रास ते सांगतील. सांगायचे एवढेच की आमच्या जुन्या लेखकाच्या दृष्टीने लिखाणाचा सर्वांत लहान तुकडा शब्दही नव्हता आणि वर्णही नव्हता. तो होता अक्षर.

ही गोष्ट पहिल्यांदा कोणाला अडली असेल तर ती गोव्यात. १५५६ साली जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात भारतातला पहिला छापखाना सुरू झाला. फादर थॉमस स्टीफन्स यांना इथल्या भाषेत आणि इथल्याच लिपीत पुस्तके छापायची फार इच्छा होती. १६०८ मध्ये त्यांनी आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात अडचण मांडली आहे. युरोपात चोवीस साचे पुरतात, इथे सहाशेच्या घरात लागतील. आपल्या प्रियोळच्या अनंत काकबा प्रियोळकरांनी भारतातील मुद्रणाच्या इतिहासावरील १९५८ च्या ग्रंथात हे पत्र वाचकांपुढे आणले. चोवीस आणि सहाशे! यात सगळे आले. स्टीफन्सना कळले होते की या लिपीत वर्ण मोजून भागत नाही, अक्षरे मोजावी लागतात. सहाशे साचे काही झाले नाहीत. 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापले गेले ते रोमन लिपीत. सुमारे अकरा हजार मराठी ओव्या, आणि त्यातले एकही अक्षर मराठी वळणाचे नाही. भाषा साच्यात बसेना म्हणून लिपी बदलली. गोव्यात पुढे लिपीवरून जे जे झाले त्याची एक सुरुवात या छापखान्यात आहे, असे मला वाटते. कोणाला पटेल, कोणाला नाही.

मुंबईत दोनशे वर्षांनी वेगळा मार्ग निघाला. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापले ते शिळेवर. शिळाछापात हाताने लिहिलेलेच उमटते, त्यामुळे ओळ मोडण्याचा अधिकार लेखकाच्या हातातच राहिला. शिळाछापाच्या पोथ्या हस्तलिखितासारख्या दिसतात त्या म्हणूनच. पुढे शिशाचे खिळे आले, १८६९ मध्ये निर्णयसागर आला, आणि ओळ खिळे जुळवणाऱ्याच्या हातात गेली. हा माणूस शिकलेला असो नसो, ओळीच्या टोकाला 'त्र' मोडायचा नाही हे त्याला माहीत असे. ओळ भरेना तर शब्दांमध्ये बारीक पट्ट्या घालून ती ताणायची, आणि अगदीच जमेना तर शब्द अक्षरावर तोडून पुढे आडवी रेघ टाकायची. शब्दांत जागा सोडणे आणि तुटलेल्या शब्दाला रेघ जोडणे या दोन्ही इंग्रजी छपाईच्या सवयी. त्या आल्या, रुजल्या, आणि आज आपल्याला आपल्याच वाटतात.

संगणक आला तेव्हा मात्र हे पथ्य कोणीच जाणत नव्हते. यंत्र अक्षर ओळखत नाही, ते मोजते. आणि मोजते ते आपण मोजतो तसे नाही. 'क्षत्रिय' हा शब्द घ्या. आपल्या लेखी तीन अक्षरे : क्ष, त्रि, य. युनिकोडच्या लेखी ते आठ घटक : क, हलन्त, ष, त, हलन्त, र, वेलांटी, य. आणि साठवणीत प्रत्येकाचे तीन बाइट, म्हणजे चोवीस. आता ज्या प्रोग्रॅमला 'ऐंशी झाले की ओळ मोड' एवढेच सांगितलेले आहे, तो ऐंशी काय मोजतो? अक्षरे मोजली तर ठीक. घटक मोजले तर ओळ अर्ध्यातच मोडेल. आणि बाइट मोजून कापले तर एखाद्या घटकाचेच दोन तुकडे होतील आणि कागदावर प्रश्नचिन्हे उमटतील. वेलांटीची कथा तर आणखी विचित्र. ती दिसते आधी आणि साठवली जाते नंतर. तिच्या अलीकडे ओळ मोडली की खालच्या ओळीच्या सुरुवातीला एक तुटकी वर्तुळरेघ आणि तिला चिकटलेली निराधार वेलांटी दिसते. मराठी कागद ज्यांनी संगणकावर छापले आहेत त्यांना हे चित्र ओळखीचे असेल.

युनिकोडच्या आधीचे फॉन्ट याहून वाईट. त्यांत अक्षरांचे तुकडे इंग्रजी चिन्हांच्या जागी बसवलेले असत. एखादा काना किंवा अर्धे अक्षर जोडरेघेच्या जागी बसवलेले असले, की संगणकाला वाटे इथे जोडरेघ आहे, आणि तो खुशाल तिथे ओळ मोडी. कचेरीतले जुने मराठी कागद चाळताना ओळीच्या टोकाला लटकलेली वेलांटी दिसली, की तो कागद कोणत्या काळातला ते मी तारीख न बघता सांगू शकतो.

आता बहुतेक प्रोग्रॅम जागा पाहून ओळ मोडतात, म्हणजे शब्द पुरा झाल्यावर. मराठीला ते सोसते, पण पूर्ण नाही. आपली भाषा शब्दाला शेपूट लावत जाते. 'जिल्हाधिकाऱ्यांच्याकडूनसुद्धा' हा एकच शब्द. वर्तमानपत्राच्या अरुंद रकान्यात किंवा तक्त्याच्या लहान चौकोनात तो मावत नाही. मग प्रोग्रॅमला शब्द मधूनच तोडावा लागतो, आणि तेव्हा प्रश्न येतो की न तुटणारा तुकडा कोणता. इथे एक गोष्ट वाचून मी थक्क झालो. युनिकोडच्या मानकात वाचकाला एक वाटणारा तुकडा कोणता हे ठरवणारा नियम आहे. त्या नियमाच्या लेखी आपला 'क्ष' २०२३ पर्यंत दोन तुकड्यांचा होता, 'क्' वेगळा आणि 'ष' वेगळा! देवनागरी युनिकोडात आली १९९१ मध्ये. म्हणजे जोडाक्षर एक आहे, हे पोथी लिहिणाऱ्याला ठाऊक असलेले सत्य मानकात यायला बत्तीस वर्षे लागली. २०२३ च्या आवृत्तीत जोडाक्षर अखंड धरणारा नियम आला तो सहा लिपींसाठी : देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मल्याळम.

आदिलाबादच्या दृष्टीने ही यादी पाहा. तिथल्या मराठी माणसाची लिपी तीत आहे, तेलुगू माणसाची लिपी आहे. गुंजालाची गोंडी त्या यादीत नव्हती.

गोंडीला युनिकोडात दोन जागा मिळाल्या आहेत. बालाघाटकडच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये केलेली लिपी २०१७ साली आली. गुंजालाची लिपी जून २०१८ मध्ये आली. तिचा प्रस्ताव अंशुमान पांडे यांनी मांडला होता. एकूण ६३ चिन्हे. त्यात हलन्ताचेही चिन्ह आहे, म्हणजे जोडाक्षरे आहेत, म्हणजे ओळीच्या टोकाला तोच धोका आहे. शिवाय तिला एक जास्तीची अडचण आहे, जी देवनागरीला नाही. युनिकोडच्या पहिल्या पासष्ट हजार जागांत देवनागरीची वस्ती आहे, गोंडीची त्याच्या बाहेर. जसे गावठाणात जागा संपली की नवीन घर टेकडीपलीकडे. तिथल्या प्रत्येक चिन्हाला चार बाइट लागतात, आणि बरेच प्रोग्रॅम अशा एका चिन्हाला आत दोन अर्धी करून ठेवतात. ओळ मोजून कापणाऱ्या निष्काळजी प्रोग्रॅमने त्या दोन अर्ध्यांच्या मधोमध कापले, तर जोडाक्षर तुटत नाही, साधा 'य'च तुटतो. वरच्या ओळीत एक रिकामा चौकोन, खालच्या ओळीत दुसरा. मराठीत असे झाले तर निदान 'क' तरी शिल्लक राहतो. इथे काहीच राहत नाही.

यात एवढे काय बिघडते, असे कोणी विचारील. मराठी वाचणाऱ्याचे फारसे बिघडत नाही. ओळीच्या टोकाला लटकलेली वेलांटी आपण मनातल्या मनात जागेवर बसवतो, कारण तो शब्द आपण आधी हजार वेळा पाहिलेला असतो. आपल्यामागे दोनशे वर्षांची छपाई उभी आहे. गोंडी बोलणारे २०११ च्या जनगणनेत तीस लाखांच्या जवळ होते, पण गुंजालाची लिपी वाचणारे त्यांतले किती? ती मूठभर म्हाताऱ्यांच्या हातात उरली होती. गावात मुलांना ती शिकवायचे वर्ग सुरू झाले ते ही बाडे उजेडात आल्यावर. त्या मुलाच्या हातात जे छापील पान पडते तेच त्याचे प्रमाण. तुटलेले अक्षर त्याला तुटलेले वाटणार नाही, ते नवीन अक्षर वाटेल. मारलावाईच्या देवनागरी पुस्तकांत हा धोका नव्हता. खिळे जुळवणारा माणूस होता, आणि त्याला न येणारी भाषा असली तरी लिपी येत होती.

पोथीचा नियम यंत्रात आणता येतो, हे आता सिद्ध झाले आहे. २०२३ च्याच आवृत्तीत जावा आणि बाली बेटांच्या लिपींसाठी ओळ शब्दावर नव्हे तर अक्षरावर मोडण्याची तरतूद झाली. त्या लिपी आपल्याच ब्राह्मीच्या लेकी. तिथे शब्दांत जागा सोडत नाहीत, आपल्या पोथ्यांसारखेच. त्या लिपींत ओळ कशी मोडते हे कोणीतरी नीट मांडले, म्हणून ते झाले. गोंडीसाठीही कोणीतरी ती बाडे समोर घेऊन बसायला हवे, लेखकाने कुठे ओळ मोडली आणि कुठे मोडायचे टाळले हे पाहायला हवे, आणि तसे कळवायला हवे. हे काम प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे नव्हे, वाचणाऱ्याचे आहे. नोटो या मोफत फॉन्टमालेत गुंजाला गोंडीचा फॉन्ट आहे. घरच्या संगणकावर तो उतरवून घेता येतो. चार वाक्ये टंकून, समास अरुंद करून, छापून पाहिले की कोणता प्रोग्रॅम कुठे अडखळतो ते दहा मिनिटांत दिसते.

आणि आपली गोयकानडी? गावकरीच्या जुन्या हिशेबांत आणि जमिनीच्या कागदांत ती आहे. वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडात जागा मिळाली, शेजारच्या तुळूच्या लिपीला २०२४ मध्ये मिळाली. गोयकानडीला अजून नाही. त्यामुळे तिची ओळ कुठे मोडायची हा प्रश्न तूर्त येतच नाही. गोयकानडीचा कागद छापायचा तर एक तर त्याचे देवनागरीत लिप्यंतर करायचे, नाहीतर छायाचित्र टाकायचे. छायाचित्रातली ओळ लांब असली तरी मोडत नाही. सगळे चित्रच पानाच्या मापाने लहान होते, आणि मग त्यातली अक्षरे भिंगाशिवाय लागत नाहीत.